खिडक्या बंद, रेडिओ चालू

मंडळी, गेले तीन वीकांत इथे सामसूम होती, त्याबद्दल माफी. दोघा-तिघांनी मेल टाकून "जिवंत आहेस ना?" असंही विचारलं. आहे. गच्चीवर होतो.

दिवाळीला गावी आलो तो इथेच मुक्काम ठोकला. गाव म्हणजे बुलढाणा जिल्हा, चिखलीपासून पंधरा-वीस किलोमीटर आत. दिवसा ओसरीवर बसून पुण्याच्या ऑफिसची कामं, आणि संध्याकाळचा शेवटचा कॉल संपला की गच्चीवर रेडिओ. रेडिओ म्हणजे आकाशवाणी ऐकायचा नव्हे हो. हॅम रेडिओ, ज्यात आपल्यालाही बोलता येतं. परीक्षा द्यायची, मोर्स घोकायचं (मी दिली तेव्हा तरी घोकावं लागलं), मग केंद्र सरकारच्या वायरलेस खात्याकडून परवाना आणि 'व्हीयू'ने सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. मी परवाना गावच्याच पत्त्यावर काढलाय. पुण्याच्या फ्लॅटवर वीस मीटरची तार बांधू द्या म्हणून सोसायटीशी भांडण्यापेक्षा इथला कडुलिंब आणि गच्चीचा कठडा बरा.

आज मात्र रेडिओपेक्षा त्याला जोडलेल्या संगणकाबद्दल एक मत मांडायचंय. मत असं, की हॅम मंडळींनी, निदान डिजिटल मोड वापरणाऱ्यांनी, विंडोज सोडून लिनक्सवर यावं. आणि 'ते फुकट मिळतं' हे त्याचं खरं कारण नाही. (हे वाचून पळून जाऊ नका, कमांडा शिकवणार नाहीये :-))

आधी ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. शॉर्टवेव्हवर आवाजाने बोलायला बऱ्यापैकी ताकद आणि शांत बँड लागतो. आमच्याकडे दोन्ही नाही. आजूबाजूच्या शेतात रानडुकरं आणि रोह्यांसाठी झटका मशीन लावलेल्या असतात. तारेला गवत टेकलं की ठिणगी उडते आणि माझ्या रेडिओत रात्रभर टक्... टक्... टक्... सेकंदाला एक. घड्याळच जणू.

अशा गोंगाटात डिजिटल मोड कामी येतात. संगणक आपला संदेश सुरांमध्ये बदलतो, रेडिओ ते सूर पाठवतो, आणि पलीकडचा संगणक ते उलगडतो. सध्या सगळ्यात चलती आहे ती एफटी८ ची. २०१७ साली स्टीव्ह फ्रँक आणि जो टेलर या दोघांनी हा मोड आणला, म्हणून एफ आणि टी. हे जो टेलर म्हणजे जोड-पल्सारच्या शोधासाठी १९९३ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालेले तेच. दूरच्या ताऱ्याची कुजबुज गोंगाटातून वेचायची सवय असलेला माणूस हॅमसाठी सॉफ्टवेअर लिहायला बसला, की असं होतं. आठ सूर, सगळं मिळून पन्नास हर्ट्झच्या पट्टीत, दर पंधरा सेकंदांनी एक पाळी. त्यातली १२.६४ सेकंद पाठवायचं, उरलेल्यात संगणक उत्तर उलगडणार. गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतका क्षीण सिग्नलही वाचला जातो. पाच वॉटवर, म्हणजे रात्री लावायच्या झिरोच्या बल्बइतक्या ताकदीवर, मी या गच्चीवरून इटली आणि जपान गाठलंय. संदेशात फक्त कॉलसाइन, सिग्नलचा आकडा आणि आपण पृथ्वीवरच्या कुठल्या चौकटीत आहोत ते. आमचं गाव एमएल८० मध्ये. लोणारचं सरोवर आमच्याच जिल्ह्यात, पण ते एमके८९ मध्ये, कारण वीस अंश अक्षांशाची रेषा लोणारच्या किंचित उत्तरेकडून जाते. जिल्ह्याची अशी वाटणी मला रेडिओमुळे कळली.

असो. तर हे सगळं चालायचं एका जुन्या लॅपटॉपवर, विंडोज १० वर. आणि ठीक चालायचं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. वैयक्तिक वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय ठेवली होती, पण ती पुढे ढकलाढकलच. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, आणि माझ्या लॅपटॉपचा प्रोसेसर त्या यादीत बसत नाही. म्हणजे यंत्र धडधाकट, फक्त यादीत नाव नाही.

मी आईला म्हणालो, नवीन घ्यावा लागेल बहुतेक. आई ज्वारी निवडत होती. "हा चालत नाही का?" "चालतो." "मंग कायले टाकतं?"

या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. त्यात आमचा पुतण्या. सातवीत आहे. तार बांधायला झाडावर चढायचं खातं त्याच्याकडे, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो बारा वर्षांचा होईल, म्हणजे हॅमच्या परीक्षेला बसू शकेल. त्याच्या घरी कुणी चाळीस हजारांचा लॅपटॉप आणणार नाही. आणला तर सात-आठ हजारांचा, सेकंडहँड, माझ्यासारखाच 'यादीत नसलेला'. तेव्हा प्रश्न फक्त माझ्या लॅपटॉपचा नव्हता.

मग एका शनिवारी सकाळी पेनड्राइव्ह तयार केला. आधी दोन्ही प्रणाली शेजारी-शेजारी ठेवल्या, कारण धीर होत नव्हता. आणि इथून गमती सुरू.

पहिली गंमत साडेपाच तासांची. मदरबोर्डवरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं विंडोज धरून चालतं, आणि ती जागतिक प्रमाणवेळ आहे असं लिनक्स. दोघं एकाच घरात आले की फरक बरोबर साडेपाच तासांचा. इंटरनेट असेल तर वेळ आपोआप सुधारते, पण गच्चीवर मोबाइलची रेंज यायची-जायची. मजा म्हणजे साडेपाच तास चुकूनही एफटी८ चालूच राहतं! पंधरा सेकंदांच्या पाळीने साडेपाच तासांना पूर्ण भाग जातो. त्यामुळे पडद्यावर सगळं छान उलगडत होतं आणि लॉगमध्ये मात्र दोन संध्याकाळचे सगळे संपर्क साडेपाच तास पुढे नोंदले जात होते. समोरच्याच्या नोंदीशी वेळ जुळली नाही तर तो संपर्क पक्का होत नाही. सगळं हाताने दुरुस्त केलं.

दुसरी गंमत म्हणजे लिनक्सला रेडिओ दिसेचना. माझा रेडिओ म्हणजे हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी रचलेला मायक्रोबिटएक्स. त्याच्या आत एक छोटा अर्डुइनो असतो आणि तो यूएसबीने संगणकाशी बोलतो. केबल लावली की रेडिओ क्षणभर दिसायचा आणि गायब व्हायचा. आधी वाटलं केबल गेली. मग लॉग उघडला तर त्यात सरळ लिहिलेलं होतं: अमुक प्रोग्रामने हे उपकरण ताब्यात घेतलं. तो प्रोग्राम अंध लोकांच्या ब्रेल पाटीसाठी असतो. माझ्या अर्डुइनोवर जी यूएसबी चिप आहे तीच काही ब्रेल उपकरणांतही वापरतात, ओळखक्रमांकही तोच. लिनक्सला वाटलं, कुणीतरी अंध माणूस आपली पाटी जोडतोय, त्याला पडद्यावरचं काही दिसत नसणार, तेव्हा विचारत न बसता लगेच सेवेला हजर व्हावं.

आधी मी चिडलो होतो. हे कळल्यावर राग पुढे रेटता येईना. तो प्रोग्राम मला नको होता, काढून टाकला, रेडिओ दिसू लागला. पण कारण कळलं, आणि ते एका ओळीत कळलं.

तिसरी गंमत आवाजाची, आणि तिच्यात दोष पूर्ण माझा. विंडोजवर असताना एकदा मी संगणकाचा मुख्य आवाज चुकून रेडिओकडे वळवून ठेवला होता. एफटी८ पाठवत असताना मेल आली आणि 'टिंग' हा आवाजही माझ्या कॉलसाइनखाली हवेत गेला. लिनक्सवर गेल्यावर ही चूक होणार नाही असं वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात केली. फक्त यावेळी 'टिंग'ऐवजी पुतण्याने लावलेलं गाणं, चार सेकंद. हवेत संगीत वाजवायला हॅमला बंदी असते. पळत जाऊन केबल उपटली. नंतर रेडिओचं साउंड कार्ड वेगळं नाव देऊन फक्त त्या एका प्रोग्रामला बांधून टाकलं.

तर हे सगळं धरून दोन शनिवार आणि एक रविवार गेला. विंडोजवर हीच मांडणी मी दीड-दोन तासांत केली होती, हे कबूल. शिवाय सॉफ्टवेअरही तेच! टेलरसाहेबांचा प्रोग्राम विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो आणि तिन्हीकडे सारखाच दिसतो. मग तुम्ही विचाराल, बदललं काय?

बाबांनी हाच प्रश्न विचारला होता. बाबा वीज खात्यात लाइनमन होते, आता निवृत्त आहेत. संगणकाशी त्यांचा संबंध भजनं ऐकण्यापुरता. मी त्यांना गाण्याचा किस्सा सांगितला आणि केबल कशी उपटली तेही. ते हसले नाहीत. म्हणाले, "ज्या लाइनीचा स्विच कुठी हाय ते ठाव नाही, त्या खांबावर चढू नाही."

माझा सगळा मुद्दा खरं तर याच्यात आला. आपण घरी संगणकावर काय करतो ते आपल्यापुरतं असतं. पण रेडिओ जोडला की त्या यंत्रातून निघालेली प्रत्येक गोष्ट माझ्या नावाने हवेत जाते. परवाना माझा आहे, संगणकाचा नाही. 'मला माहीत नव्हतं, सॉफ्टवेअरने आपोआप केलं' हे उत्तर चालत नाही आणि चालूही नये. मग ट्रान्समीटरला जोडलेल्या यंत्रात आवाज कुठून कुठे जातो, घड्याळ कोण लावतं, अपडेट कधी होतात, हे मला माहीत असायला हवं आणि बदलता यायला हवं. विंडोजवर यातलं बरंच काही करता येतं, नाही असं नाही. पण तिथे मी दीड तासात सगळं जोडलं, आणि नेमकं काय जोडलं ते मला तीन वर्षं माहीत नव्हतं. लिनक्सने मला आधी बेजार केलं आणि मग सगळे स्विच कुठे आहेत ते दाखवलं.

दुसरा मुद्दा. हॅम रेडिओचा आंतरराष्ट्रीय नियमच आहे की संदेशाचा अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायची नाही. जे बोलायचं ते कुणालाही कळेल असं. जुन्या लोकांनी सर्किटंही अशीच वाटली, मासिकात छापली, पोस्टाने पाठवली. आज रेडिओचं अर्धं सर्किट सॉफ्टवेअरमध्ये आहे. मग तेवढंच बंद पेटीत का असावं? फरहान यांनी मायक्रोबिटएक्सचं सर्किट आणि प्रोग्राम दोन्ही उघडे ठेवलेत, आणि त्यांचा एसबिटएक्स हा रेडिओ तर आतून लिनक्सच चालवतो, रास्पबेरी पायवर. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी 'स्वयम्' हा जेमतेम किलोभराचा उपग्रह बनवला, २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी३४ ने तो वर गेला, आणि त्याचं कामच होतं हॅम लोकांचे लेखी संदेश एका ठिकाणाहून घेऊन दुसऱ्या ठिकाणी देणं. आपल्याकडची पोरं असं काही करू शकतात, कारण कुणीतरी आधी पेटी उघडी ठेवलेली असते.

आता विरोधी पक्ष. पुण्यातला माझा एक हॅम मित्र म्हणतो, "आणीबाणीत लोकांना तत्त्वज्ञान नको असतं, चालणारं यंत्र हवं असतं." शंभर टक्के खरं. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हॅम तिथे गेले ते निरोप पोचवायला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी योगायोगाने पोर्ट ब्लेअरलाच होते, आणि बाकी सगळं बंद असताना त्यांच्या रेडिओवरून खुशालीचे निरोप गेले. अशा वेळी माणसांच्या नावांची किंवा औषधांची लांबलचक यादी आवाजाने सांगणं म्हणजे चुकांना आमंत्रण. डिजिटल मोडने ती अक्षर न् अक्षर जाते. आणि इथे मित्राचा मुद्दा दुखरा आहे. लघुलहरींवर ईमेल पाठवायला खूप लोक 'वारा' नावाचा मोडेम वापरतात. तो बंदिस्त आहे आणि मुळात विंडोजसाठी लिहिलेला आहे. लिनक्सवर तो 'वाइन'मधून खटपट करून चालवावा लागतो. उघडे पर्याय आहेत, पण समोरच्या स्टेशनवर तोच मोडेम असेल तर तुमच्या तत्त्वाला कोण विचारतो?

याला माझं पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर माझ्या शर्टाच्या खिशात आहे. अख्खं स्टेशन, म्हणजे लिनक्स, टेलरसाहेबांचा प्रोग्राम, ईमेलचं सॉफ्टवेअर, माझ्या रेडिओच्या सगळ्या सेटिंग, एका पेनड्राइव्हवर मावलंय. शेजारच्या गुरुजींच्या जुन्या डेस्कटॉपला तो लावून बघितला. त्यांच्या हार्डडिस्कला हात न लावता पाच मिनिटांत त्यांचं यंत्र माझं स्टेशन झालं. ना लॉगिन, ना इंटरनेट, ना परवान्याची किल्ली. पूर आला, लॅपटॉप भिजला, तर गावात कुठेतरी एक चालू संगणक सापडला की पुरे. 'चालणारं यंत्र' म्हणजे माझ्या मते हेही.

आणि दुसरी कबुली. सगळ्यांनी लिनक्स घ्यावं असं मी म्हणत नाहीये. बाबांची भजनं कुठेही वाजतील. ज्यांना शनिवार वाया घालवायचे नाहीत त्यांनी खुशाल आहे तिथे राहावं, हवेत सगळे सारखेच दिसतात. माझं म्हणणं ट्रान्समिटचं बटण दाबणाऱ्यांपुरतं आहे.

परवाची गोष्ट सांगतो आणि थांबतो. लॅपटॉप आठवडाभर बंद होता, गच्चीवर रेंज नव्हती. प्रोग्राम लावला तर स्टेशनं दिसत होती, पण नेहमीपेक्षा कमी. पुतण्या शेजारी बसून आकड्यांचे रकाने वाचत होता. 'डीटी' नावाचा एक रकाना असतो, समोरच्याचं घड्याळ आपल्यापेक्षा किती सेकंद मागे-पुढे ते दाखवणारा.

"काका, या सगळ्याईचे घड्याळं चुकले का?"

बघितलं तर एकूण एक स्टेशन पावणेदोन सेकंद उशिरा येत होतं. इंडोनेशिया, रशिया, केरळ, सगळे.

मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "नाही... आपलंच पुढे हाय." त्यानेच एका ओळीची आज्ञा टाइप करून घड्याळ मागे घेतलं (पासवर्ड मी टाकला). पुढच्या पाळीत रकान्यात शून्याच्या आसपासचे आकडे आले आणि पडदा भरून गेला. झटका मशीनची टकटक चालूच होती.

पुढच्या रविवारी मी पुण्याला परततोय. रेडिओ कपाटात कुलूपबंद राहील, कारण परवाना माझा आहे, त्याचा नाही. लॅपटॉप मात्र ठेवून जातोय. या तीन आठवड्यांतले बँडचे आवाज मी त्यात रेकॉर्ड करून ठेवलेत. तोच प्रोग्राम त्या फाइली उघडून उलगडतो, तेव्हा उन्हाळ्यापर्यंत त्याला सराव करता येईल. काही बिघडलं तर फोन करायला सांगितलंय. आणि फोन करण्याआधी लॉग वाचायला.

चला, आई तिसऱ्यांदा जेवायला हाक मारतेय. तुमच्यापैकी कुणी 'वारा' लिनक्सवर धड चालवला असेल तर कृपया कळवा. मी अजून झुंजतोय.